रिपोर्टमध्ये ‘एनडी’ आलंय, मग सही करू का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

नमस्कार, आमच्या घरामागे एक पेट्रोल पंप आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांची जमिनीखालची पेट्रोलची टाकी गळत असल्याचं कळलं. त्यांनी ती काढून नवी बसवली आणि कन्सल्टंट लावून जमिनीखालचं पाणी तपासायला तीन मॉनिटरिंग बोअर घेतल्या. दोन त्यांच्या आवारात आणि तिसरी, एमडब्ल्यू-३, आमच्या कुंपणाच्या आत, जुन्या टाकीपासून साधारण ६० मीटरवर. आमची विहीर तिथून अजून ४५ मीटर पुढे. एमडब्ल्यू-३ मध्ये बेंझीन (पेट्रोलमधलं घातक रसायन) पहिल्यांदा ३८ आलं, मग ११, आणि आता पाऊस संपल्यावर ‘एनडी’, म्हणजे नॉट डिटेक्टेड, सापडलं नाही. आता ते म्हणतायत काम संपलं, बोअर बुजवायला ना-हरकत पत्रावर सही द्या. मी आमच्या विहिरीचं पाणीही लॅबमध्ये दिलं होतं, ‘पिण्यास योग्य’ असा रिपोर्ट आलाय. सासरे म्हणतात पाण्याला ना वास ना चव, कशाला वाढवतेस, सही करून टाक. नवरा म्हणतो थांबू या. सगळ्या रिपोर्टचे फोटो पाठवतेय. सही करू का? आणि पाणी प्यायचं की नाही?
– विहिरीवाली

ताई, आधी सरळ उत्तर देतो. सही आत्ता करू नका. आणि विहिरीचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला सध्या वापरू नका, दुसरीकडून आणा. घाबरून जायचं कारण नाही, पण तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून ‘संपलं’ असं म्हणता येत नाही. का ते सांगतो, जरा लांबेल, पण तुम्ही फोटो इतके नीट काढून पाठवलेत की त्यातूनच बरंच काही दिसतंय. रिपोर्टमधला बेंझीनचा कॉलम सगळेच बघतात, खरी गोष्ट त्याच्या शेजारच्या कॉलममध्ये असते आणि तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

सुरुवात एमडब्ल्यू-३ पासूनच. बेंझीन ३८, ११, एनडी. ऐकायला किती छान वाटतं, उतरत उतरत शून्य. (हे आकडे मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहेत, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा १० आहे, अमेरिकेत ५.) आता त्याच तक्त्यात उजवीकडे पाण्याची लेव्हल दिलीय ती बघा. पहिल्या वेळी पाणी जमिनीपासून ६.८ मीटर खाली, दुसऱ्या वेळी ६.१ आणि आता पावसानंतर ४.९. आणि शेवटच्या पानावर बोअरचं ड्रॉइंग आहे, त्यात लिहिलंय की स्लॉटवाला पाइप ६ ते १२ मीटर. म्हणजे बोअरमध्ये पाणी शिरायची छिद्रं ६ मीटरच्या खालीच आहेत, त्याच्या वर साधा बंद पाइप आणि बाहेरून सील.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ते जमिनीत झिरपत खाली जातं आणि भूजलाच्या वरच्या पातळीशी येऊन पसरतं, खाली बुडत नाही. त्यातून बेंझीनसारखी विरघळणारी द्रव्यं पाण्यात उतरतात, पण सगळ्यात जास्त माल असतो तो या वरच्याच थरात. म्हणून इंधन गळतीच्या बोअरमध्ये स्लॉटचा भाग असा ठेवतात की वर्षभर पाणी कितीही वरखाली झालं तरी पाण्याची पातळी स्लॉटच्या आतच राहावी. तुमच्याकडे पहिल्या वेळी पाणी ६.८ वर होतं, म्हणजे स्लॉटच्या आत, बरोब्बर. दुसऱ्या वेळी ६.१, स्लॉटच्या अगदी काठाला. आणि यावेळी पाणी स्लॉटच्या एक मीटरहून जास्त वर! म्हणजे वरचा जो थर बघायचा तोच या बोअरला आत्ता दिसत नाहीये, सॅम्पल त्याच्या खालच्या पाण्याचं आलंय. वर नवं पावसाचं पाणी मिसळून पातळ झालंय ते वेगळंच.

मी असं म्हणत नाही की वर बेंझीन आहेच. कदाचित खरंच कमी झालं असेल. पण पाणी चढतंय तसतसं बेंझीन उतरतंय, याचे दोन अर्थ होतात आणि या तीन आकड्यांवरून कुठला खरा ते कळत नाही. कळेल ते पुढच्या कोरड्या दिवसांत, पाणी पुन्हा साडेसहा-पावणेसातला उतरेल तेव्हा. आणि नेमकी तेव्हा ही बोअर नसेल, जर तुम्ही आत्ता सही केली तर.

यात अजून एक भानगड आहे. पाणी चढतं तेव्हा मातीच्या कणांमध्ये अडकलेलं पेट्रोल वर तरंगत येतंच असं नाही, बरंचसं तिथेच पाण्याखाली अडकून राहतं. पाणी उतरलं की ते पुन्हा मोकळं होतं आणि बोअरमध्ये दिसायला लागतं. पावसानंतर क्लीन आणि कोरड्या दिवसांत पुन्हा वर, असं वर्षानुवर्षं चालणाऱ्या साइट असतात. म्हणूनच किमान एक पूर्ण वर्ष, दर तीन महिन्यांनी, म्हणजे पाणी सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर असं दोन्ही बघून मग बोलायचं अशी पद्धत आहे, आणि ते किमान झालं, पुष्कळ ठिकाणी अजून कितीतरी जास्त काळ बघतात. तुमच्याकडे तीन सॅम्पल झालेत आणि त्यातला खरा उपयोगाचा एकच, पहिला.

आता दुसरा कॉलम, डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. हा कॉलम मला फार आवडतो कारण तो सहसा खोटं बोलत नाही. एमडब्ल्यू-१, जी पंपाच्या पलीकडच्या बाजूला आहे, तिथे ऑक्सिजन लिटरमागे ५.२ मिलिग्रॅम. तुमच्या एमडब्ल्यू-३ मध्ये ०.४. शेरा लिहिलाय तोही बघा, ‘रंगहीन, काही वेळाने पिवळसर-तांबूस’. एकाच परिसरातल्या पाण्यात एवढा फरक का? जमिनीतले सूक्ष्मजीव पेट्रोलमधली द्रव्यं खातात, आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग मातीतलं लोखंड, मग सल्फेट असं पुढे पुढे जातात. लोखंड वापरलं की ते पाण्यात विरघळतं, आणि असं पाणी बाटलीत काढून ठेवलं की हवा लागून तांबूस होतं. म्हणजे बेंझीन एनडी असूनही या पाण्यावर कुणीतरी ताव मारलाय, हे पाणी पेट्रोलच्या जवळून आलंय. ऑक्सिजन कमी असण्याला दुसरी कारणंही असू शकतात, सांडपाणी वगैरे, पण ३८ बेंझीन आलेल्या बोअरमध्ये हे दिसलं तर मी तरी दुसरं कारण आधी शोधणार नाही.

ही एका अर्थी चांगली बातमीही आहे हं. सूक्ष्मजीव काम करतायत. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ १९७९ मध्ये क्रूड तेलाची पाइपलाइन फुटली, सतरा लाख लिटरच्या आसपास तेल सांडलं. जमेल तेवढं काढून घेतलं तरी बरंच जमिनीत राहिलं, आणि तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८३ पासून ती जागा अभ्यासासाठीच धरली, दशकानुदशकं तिथे बोअरमधून सॅम्पल घेतायत. भूजलावर तेल अजूनही आहे, पण बेंझीन मैलोनमैल वाहत गेलं नाही, वाटेतच सूक्ष्मजीव त्याचा बराच फडशा पाडतात. जगात पुष्कळ ठिकाणी आज ‘निसर्गालाच साफ करू द्या’ हा मार्ग अधिकृतपणे वापरतात तो अशाच अभ्यासांच्या जोरावर. फक्त त्या मार्गाची अटच ही आहे की मॉनिटरिंग चालू ठेवायचं. तुमचा कन्सल्टंट पत्रात लिहितो की ‘नैसर्गिकरीत्या ऱ्हास होत आहे’ आणि पुढच्याच वाक्यात बोअर बुजवायची परवानगी मागतो, हे काही एकत्र बसत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय असं वाटतं, कारण पत्रात तिचा उल्लेखच नाही. एमडब्ल्यू-२, टाकीच्या अगदी लगतची. पहिल्या वेळी बेंझीन १,९००, दुसऱ्या वेळी १,७००, तिसऱ्या वेळी ‘एनएस’. हे एनडी नाहीये, ताई! एनएस म्हणजे सॅम्पल घेतलंच नाही. का नाही घेतलं? कधीकधी कारण साधं असतं, बोअरवर गाडी उभी होती, झाकण अडकलं होतं. पण कधीकधी कारण असं असतं की बोअरमध्ये पाण्यावर पेट्रोलचाच थर सापडला, आणि थर असला की विरघळलेल्या बेंझीनचं सॅम्पल घेण्यात अर्थ नसतो, तेव्हा नुसती थराची जाडी मोजतात. ही जाडी मोजायला एक टेपसारखं यंत्र असतं, त्याचं टोक पेट्रोलला लागलं की एक आवाज येतो आणि पाण्याला लागलं की वेगळा. फील्ड शीटवर ‘डेप्थ टू प्रॉडक्ट’ आणि ‘डेप्थ टू वॉटर’ असे दोन रकाने असतात. तिसऱ्या वेळची एमडब्ल्यू-२ ची फील्ड शीट मागा. तुम्हाला रिपोर्ट दिलाय, फील्ड शीट दिलेली नाही. काम करणारा माणूस बोअरपाशी उभा राहून हाताने लिहितो तो कागद. मला विचाराल तर मी तो आधी वाचतो आणि टाइप केलेला रिपोर्ट नंतर.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी चुकाच काढत बसलोय. एनडी म्हणजे शून्य नव्हे, लॅबच्या मशीनला जेवढं ओळखता येतं त्याच्या खाली. काही रिपोर्टमध्ये ही खालची हद्दच ५० असते आणि मग ‘एनडी’ लिहिलेलं असतं, त्या एनडीला काडीची किंमत नाही. तुमच्या लॅबने एनडीच्या पुढे कंसात ‘<१’ लिहिलंय, म्हणजे मोजणी पुरेशी बारीक आहे. लॅब ठीक आहे. ट्रिप ब्लँकही लावलाय आणि तोही क्लीन आलाय. (ट्रिप ब्लँक म्हणजे लॅबमधून शुद्ध पाण्याची बंद बाटली सॅम्पलबरोबर जाऊन तशीच परत येते, वाटेत गाडीतल्या पेट्रोलची वाफ वगैरे शिरली का ते कळायला.) तेव्हा लॅबवर संशय घेऊ नका. मशीनने जे पाणी आलं ते बरोबर मोजलं, पाणी कुठल्या थरातून आलं एवढाच वाद आहे.

अजून एक गणित करून बघितलं. गळती कळल्यावर महिनाभरात पहिलं सॅम्पल घेतलं असं तारखांवरून दिसतंय, आणि तेव्हाच ६० मीटरवर ३८ होतं. महिन्यात ६० मीटर म्हणजे दिवसाला दोन मीटर. साध्या वाळूमातीत भूजल बहुतेक वेळा दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर मीटरभर सरकतं, आणि बेंझीन मातीला थोडं चिकटत चिकटत पाण्याच्याही मागे राहतं. मग एक तर गळती कळायच्या कितीतरी आधीपासून चालू होती, नाहीतर खाली खडकाच्या भेगा आहेत आणि पाणी तिथून धावतंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुमच्या विहिरीच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे. भेगा असतील तर ‘४५ मीटर लांब आहे’ याला फारसा अर्थ उरत नाही, कारण भेग नेईल तिकडे पाणी जाईल, मधली बोअर क्लीन आणि पुढची विहीर खराब असंही होतं. बोअर घेताना काय काय लागलं, माती किती, खडक किती, याची नोंद असते, बोअर लॉग म्हणतात, तीही मागा. आणि हो, पाण्याच्या दिशेचा बाण नकाशावर फक्त पहिल्या रिपोर्टमध्ये आहे. तीन बोअरच्या पातळ्यांवरून दिशा काढतात, ती पावसानंतर बदलू शकते, तर प्रत्येक वेळचा बाण हवा.

आता तुमच्या विहिरीचा रिपोर्ट. इथे मला जरा वाईट वाटलं, कारण तुम्ही स्वतः पैसे भरून, धावपळ करून टेस्ट केलीत. पण ‘पिण्यास योग्य’च्या वर काय काय तपासलंय ते वाचा: पीएच, टीडीएस, हार्डनेस, क्लोराइड, नायट्रेट, जंतू. बेंझीन त्यात नाहीच. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या टेस्टमध्ये पेट्रोलची द्रव्यं सहसा नसतात, ती वेगळी सांगून मागावी लागतात. लॅबची चूक नाही, त्यांनी विचारलं तेवढं तपासलं आणि तेवढ्यापुरतं योग्य म्हटलं. शिवाय तुम्ही लिहिलंय की पाणी प्लास्टिकच्या बाटलीत नेलं, ती अर्धीच भरली होती आणि दुपारभर गाडीत होती. त्यात बेंझीन मागितलं असतं तरी उपयोग झाला नसता. ही द्रव्यं सोड्याच्या बाटलीतल्या गॅससारखी वागतात, जरा वर मोकळी जागा मिळाली की निघून जातात.

मग पुन्हा करायचं तर असं करा. लॅबला फोन करून सांगा की पेट्रोल गळतीची केस आहे, बीटेक्स हवंय, म्हणजे बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन, झायलीन, सोबत एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन), नॅफ्थलीन आणि पेट्रोल रेंजचे एकूण हायड्रोकार्बन. आणि खालची हद्द किती ते आधीच विचारून घ्या, बेंझीनला १ किंवा त्याखाली पाहिजे. लॅबच तुम्हाला छोट्या काचेच्या बाटल्या देईल, ४० मिलिलिटरच्या, झाकणाला आतून पातळ चकती असलेल्या. त्यात तळाला थेंबभर आम्ल असतं, ते धुऊन टाकू नका, लोक हमखास बाटली विसळतात आणि ते जातं. त्या दिवशी हाताला सॅनिटायझर, परफ्युम काही नको, आणि गाडीत पेट्रोल भरून मग सॅम्पल घ्यायला जाऊ नका. जवळ जनरेटर किंवा डिझेल पंप चालू असेल तर बंद करा.

विहिरीवर मोटर आहे ना, ती दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पाइपमधलं शिळं पाणी निघून जाईल. सॅम्पल टाकीच्या आणि फिल्टरच्या आधीच्या नळाला घ्यायचं, तोंडाला जाळी असेल तर काढून. धार एकदम बारीक करा, पेन्सिलीपेक्षाही बारीक, आणि बाटली तिरकी धरून पाणी आतल्या भिंतीवरून सावकाश उतरू द्या, फेस नको, बुडबुडे नकोत. काठाच्या वर पाण्याचा फुगा आला पाहिजे, घुमटासारखा, पण सांडू नका कारण आम्ल वाहून जाईल. मग झाकण सरळ वरून बसवा, घट्ट करा, बाटली उलटी करा, बोटाने टिचकी मारा आणि उजेडात धरून बघा. एकही बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद, दुसरी भरा. पाणी फार जड असेल तर आम्लाने आपोआप बारीक फसफस होऊन बुडबुडे येतात, तसं झालं तर लॅबला सांगून बिनआम्लाच्या बाटल्या घ्या, फक्त त्या मग सात दिवसांच्या आत तपासल्या गेल्या पाहिजेत, आम्लवाल्या चौदा. दोन-तीन बाटल्या भरा. बर्फात ठेवा, पण गोठू देऊ नका. त्याच दिवशी नेऊन द्या, शक्यतो दुसऱ्या दिवसावर जाऊ देऊ नका.

विहीर उघडी असेल (तुम्ही लिहिलं नाहीये) तर वरून बादली सोडून काढलेलं पाणी टेस्टला देऊ नका. पृष्ठभागावरून बेंझीन हवेत उडून जात असतं, तिथलं पाणी आतल्यापेक्षा चांगलं दिसतं. मोटरचं पाणी घ्या, ते खालून येतं. आणि विहिरीच्या पाण्यावर कधी इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने मोडून बघा. मोडल्यावर तुकडे तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुतेक लोखंडाच्या जंतूंचा थर आहे, निरुपद्रवी. काडी काढल्यावर तवंग परत जुळून आला तर तो तेलाचा, तेव्हा मात्र फोटो काढा, तारीख लिहा आणि लगेच कळवा.

आता सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तुमच्या घरातली खरी अडचण तीच दिसतेय. त्यांना तुम्ही चूक आहात असं म्हणून चालायचं नाही, त्यांनी आयुष्यभर त्याच विहिरीचं पाणी प्यायलंय. त्यांना एवढंच सांगा की बाबा, वास आला तर पाणी खराब हे शंभर टक्के खरं, पण वास नाही म्हणून पाणी चांगलं हे खरं नाही. बेंझीनचा पाण्यातला वास बहुतेकांना लिटरमागे मिलिग्रॅमभर किंवा त्याहूनही जास्त झाल्यावर यायला लागतो. मर्यादा आहे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. म्हणजे नाकाला कळेपर्यंत मर्यादेच्या निदान शंभर पट झालेलं असतं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये हवाई बेटांवर नौदलाच्या रेड हिल इंधनसाठ्यातून विमानाचं इंधन पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात गेलं, हजारो कुटुंबांच्या नळाला पोचलं, तिथे लोकांना वास आला, घशात जळजळ, पोटात मळमळ झाली तेव्हा बोंब झाली. तिथे नाकाने काम केलं कारण प्रमाण खूपच जास्त होतं. तुमच्याकडे प्रश्न थोड्या प्रमाणाचा, पण रोजच्या पिण्याचा आहे. बेंझीन हे माणसात कॅन्सर करणारं म्हणून पहिल्या गटात नोंदलेलं रसायन आहे, रक्ताचा कॅन्सर, आणि त्याची मर्यादा आयुष्यभर रोज पिण्याच्या हिशोबाने ठरवलीय. त्यामुळे गेले काही महिने प्यायलो आता काय होणार म्हणून झोप उडवून घेऊ नका, आणि ३८ हा आकडा मुळात मॉनिटरिंग बोअरचा होता, तुमच्या विहिरीचा नाही. पण आता कळलंय तर मुद्दाम पीत राहायचं कारणही नाही.

पाणी उकळून घेऊ का असं तुम्ही विचारलेलं नाही पण घरात कुणीतरी सुचवणारच. नको. उकळल्यावर बेंझीन उडून जातं हे खरं, पण ते जातं कुठे, स्वयंपाकघरातच, आणि पातेल्यावर वाकलेलं माणूस ते ओढून घेतं. त्याच कारणासाठी रिपोर्ट येईपर्यंत गरम पाण्याच्या अंघोळीला बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. साध्या घरगुती फिल्टरवर विसंबू नका. अॅक्टिव्हेटेड कार्बन बेंझीन पकडतो, पण भरला की एक दिवस गुपचूप सोडायला लागतो आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून असे फिल्टर एकामागे एक दोन लावून मधल्या पाण्याची टेस्ट करत राहावं लागतं. एमटीबीईवर तर तो फारसा चालतही नाही. हे पुढचं पुढे, आधी रिपोर्ट येऊ द्या.

झाडांना, बागेला पाणी देताय का? मोटर तासन्‌तास चालवू नका. जोरात उपसा केला की विहिरीभोवती भूजलाची पातळी खड्ड्यासारखी खाली जाते आणि आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं, त्यात पंपाकडचंही आलं. पण मोटर अचानक पूर्ण बंद केली तरी प्रवाह बदलतो, तर जे काही कराल ते कन्सल्टंटला लेखी कळवा, म्हणजे नंतर ‘तुम्ही उपसा केला म्हणून झालं’ असं कुणी म्हणायला नको.

आता सहीचं. नुसतं ‘देत नाही’ म्हणून दार लावून घेऊ नका, भांडण होईल आणि माहिती मिळायची बंद होईल. बोअर तुमच्या जागेत आहे, हा तुमच्या हातातला मोठा पत्ता आहे, तो वापरा. त्यांना असं काहीसं लिहून पाठवा, प्रत पर्यावरणाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यालाही:

‘एमडब्ल्यू-३ मध्ये तिसऱ्या फेरीत पाण्याची पातळी ४.९ मीटर आणि स्लॉटची सुरुवात ६ मीटरला आहे, त्यामुळे हे सॅम्पल पाण्याच्या वरच्या थराचं प्रतिनिधित्व करत नाही असं दिसतं. पाणी पुन्हा ६.५ मीटरच्या खाली जाईल तेव्हा एक फेरी घ्यावी, किंवा शेजारी ३ ते ७ मीटर स्लॉटची उथळ बोअर घ्यावी. तिसऱ्या फेरीत एमडब्ल्यू-२ चं सॅम्पल का घेतलं नाही ते फील्ड शीटसह कळवावं. तिन्ही बोअरचे लॉग आणि प्रत्येक फेरीचा प्रवाहाच्या दिशेचा नकाशा द्यावा. आमच्या विहिरीचं बीटेक्स सॅम्पल आपल्या खर्चाने प्रत्येक फेरीत घ्यावं. हे मिळेपर्यंत बोअर बुजवायला आमची संमती नाही, सॅम्पल घ्यायला मात्र केव्हाही यावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका, ते महत्त्वाचं आहे. तुम्ही काम अडवत नाहीये, काम चालू ठेवताय, हे कागदावर दिसलं पाहिजे.

पुढच्या वेळी ते सॅम्पल घ्यायला येतील तेव्हा शेजारी उभ्या राहा. तुम्ही लिहिलंय की गेल्या वेळी ‘मुलगा आला, नळकांडं दोरीने खाली सोडलं, दहा मिनिटांत गेला’. ते नळकांडं म्हणजे बेलर. धपकन सोडला की पाणी ढवळतं, हवा मिसळते, बेंझीन कमी भरतं. बरी पद्धत म्हणजे छोट्या पंपाने अगदी हळू उपसायचं, मिनिटाला पाव-अर्धा लिटर, पीएच, कंडक्टिव्हिटी, ऑक्सिजन मोजत राहायचं आणि आकडे स्थिर झाले की मगच बाटली भरायची. अर्धा-पाऊण तास सहज जातो. पाण्याची पातळी बाटली भरायच्या आधी मोजतायत ना तेही बघा. विचारायला लाजू नका, चांगल्या माणसाला कुणी विचारलं तर बरंच वाटतं, आणि ज्याला राग येतो त्याचं काम जरा जास्तच बघायचं.

कधीतरी बोअर खरंच बुजवायची वेळ येईल, तेव्हाही वरून माती-दगड टाकून झाकण लावायला परवानगी देऊ नका. पोकळ बोअर म्हणजे वरची घाण थेट खाली न्यायचा पाइपच. तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) किंवा सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ कालवलेलं मिश्रण, भरून घ्यायचं आणि किती भरलं त्याची नोंद घ्यायची.

विहिरीचा बीटेक्स रिपोर्ट आला की फोटो पाठवा, आणि एमडब्ल्यू-२ च्या फील्ड शीटचाही. त्यात ‘डेप्थ टू प्रॉडक्ट’च्या रकान्यात काही आकडा असेल तर मला पाठवायची वाट बघू नका, आधी त्या सरकारी खात्यात फोन करा.